देवयानीसाठी काळोख हवा

तुळशीचं लग्न झालं, दिवाळीच्या फटाक्यांचा धूर विरला, की बेळगाव-खानापूर भागात आकाश बघण्याचे दिवस सुरू होतात. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळाभर तारा दृष्टीला पडत नाही. पण कार्तिक अमावस्येच्या आसपास, रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, नुसत्या डोळ्यांना दिसू शकणारी एक प्रचंड सर्पिल दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अवाढव्य समूह, तिथे उत्तरेकडे आकाशात उंच आलेली असते. सुगीत खळ्यावर राखणीला झोपणाऱ्यांच्या डोळ्यांवरून ती रोज रात्री जाते. तिचं नाव देवयानी दीर्घिका, खगोलशास्त्रज्ञांच्या यादीत एम ३१.

ती शोधायला पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा नक्षत्रांच्या ताऱ्यांचा मोठा चौकोन आधी ओळखावा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून पुढे जवळपास सारख्याच तेजाचे तीन तारे एका ओळीत दिसतात. कोपऱ्यातला तारा हाच त्यांतला पहिला. मधल्या ताऱ्यापाशी थांबायचं आणि शर्मिष्ठेकडे, म्हणजे इंग्रजी ‘एम’सारख्या दिसणाऱ्या तारकासमूहाकडे, वळायचं. दोन मंद तारे ओलांडले की शेजारी आरशावर फुंकर मारल्यासारखा एक लांबट, धूसर डाग दिसतो. तीच देवयानी. सरळ रोखून पाहिलं तर ती निसटते, कारण डोळ्याच्या अगदी मध्यभागी मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी जवळपास नसतातच. नजर किंचित बाजूला ठेवली की डाग उजळतो. त्याआधी किमान वीस मिनिटं मोबाइलच्या पडद्याकडे पाहायचं नाही, ही अट मात्र पाळायलाच हवी.

हा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला आहे, म्हणजे देवयानी २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. आपल्याला दिसतो तो फक्त तिचा गाभा. पूर्ण देवयानी डोळ्यांना दिसली असती, तर तिने सहा पौर्णिमेचे चंद्र एकापुढे एक ठेवावेत एवढी जागा व्यापली असती. पर्शियातल्या अल-सूफीने ९६४ च्या सुमारास या डागाची नोंद ‘लहानसा ढग’ अशी केली. पुढची जवळजवळ हजार वर्षं तो ढगच राहिला. १८८८ मध्ये आयझॅक रॉबर्ट्‌स यांच्या छायाचित्रात त्याचे सर्पिल फाटे उमटले, तरी हा आपल्याच आकाशगंगेतला वायूचा भोवरा आहे, असं मानणारे पुष्कळ होते.

निकाल लागला तो एका ताऱ्यामुळे. ऑक्टोबर १९२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर, अडीच मीटर व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीने एडविन हबल यांनी देवयानीचं छायाचित्र घेतलं. एका ठिपक्याला त्यांनी आधी नवतारा, म्हणजे अचानक उजळलेला तारा, समजून खूण केली होती. जुन्या छायाचित्रांच्या काचा ताडून पाहिल्यावर ती खूण खोडून त्यांनी तिथे ‘रूपविकारी’ अशी नोंद केली. तो तारा सुमारे ३१ दिवसांच्या फेऱ्यात उजळत आणि मंदावत होता. अशा सेफीड ताऱ्याचा फेरा जितका लांब, तितकं त्याचं खरं तेज जास्त, हे हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ पर्यंत दाखवून दिलं होतं. खरं तेज कळलं, दिसणारं तेज मोजलं, की अंतर निघतं. हबल यांचं उत्तर आलं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर! लेव्हिट यांचं नाव हबल यांच्याइतकं आपल्या मुलांच्या कानावर पडत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

पण ९ लाखांचे २५ लाख झाले कसे? या प्रकरणात काळोखाचा मोठा हात आहे. माउंट विल्सनच्या पायथ्याशीच लॉस एंजेलिस पसरलेलं आहे आणि त्याचे दिवे दुर्बिणीच्या आकाशात घुसत होते. दुसऱ्या महायुद्धात हल्ल्याच्या भीतीने ते दिवे मालवले गेले. तिथले खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे हे जन्माने जर्मन, म्हणजे तेव्हा शत्रुदेशाचे नागरिक. त्यामुळे युद्धकामावर गेलेल्या सहकाऱ्यांमागे ते वेधशाळेतच राहिले. त्या काळ्या आकाशात, तांबड्या प्रकाशाला संवेदनशील काचा वापरून, १९४३ मध्ये त्यांना देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे दिसले. तोवर तिथे नुसता धुरकट उजेड दिसायचा. गाभ्यातले तारे जुने आणि तांबूस, फाट्यांमधले तरुण आणि निळे. ताऱ्यांच्या अशा दोन जाती मानल्यावर पुढे सेफीडच्याही दोन जाती निघाल्या, आणि हबल यांनी मोजपट्टी एका जातीची वापरली होती, तारा मात्र दुसऱ्या जातीचा होता. १९५२ मध्ये बाडे यांनी हे जाहीर केलं. देवयानी दुप्पट दूर गेली आणि तिच्यासोबत सगळ्याच दीर्घिका. पुढच्या मोजमापांत तिचं अंतर आणखी वाढून २५ लाखांवर आलं.

१९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी फिरते कशी ते मोजलं. कडेचा वायू मंद फिरायला हवा होता, पण तो आतल्याच्या जवळपास तितक्याच वेगाने फिरत होता. दिसणाऱ्या ताऱ्यांचं वजन त्याला धरून ठेवायला पुरेसं नाही. न दिसणारं कृष्णद्रव्य मानण्यामागे हे मोजमाप एक भक्कम आधार ठरलं. आपल्या देशातूनही तिचा अभ्यास चालतो. इस्रोच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीने तिच्या तरुण ताऱ्यांचे नकाशे दिले. ही दुर्बीण घडवण्यात बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा पुढाकार होता.

देवयानी सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आहे. ४०० कोटी वर्षांनी टक्कर नक्की, असं २०१२ मध्ये सांगितलं गेलं होतं. २०२५ मधल्या नव्या गणिताने ती खात्री काढून घेतली: पुढच्या १००० कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता साधारण निम्मी.

बेळगावातल्या टिळकवाडी-शहापूरच्या गच्चीवरून देवयानी दिसणं कठीण. कणकुंबीवरून बेळगाव ईशान्येला पडतं, म्हणून दसऱ्याच्या सुमारास संध्याकाळी उगवणारी देवयानी आधी शहराच्या उजळीतून वर येते. तिथेही ती माथ्याकडे सरकेपर्यंत थांबावं. भीमगडचं अभयारण्य जवळ, गवे-अस्वलांचा वावर आहे. रात्री रानात शिरू नये, गावातल्या ओळखीच्या घराचं अंगण बरं. साधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) असेल तर डागाच्या शेजारी एम ३२ ही तिची छोटी सोबतीण ताऱ्यासारखी दिसते.

त्या पट्ट्यातल्या गावांनी रस्त्यावर नवे एलईडी दिवे बसवताना वरून झाकलेले, उजेड खाली पाडणारे आणि पिवळसर रंगाचे दिवे मागून घ्यावेत. वाट उजळायला ते पुरतात आणि आकाशात उजेड फारसा जात नाही. ही मागणी ग्रामसभेत मांडता येते, आणि सुगीनंतरच्या पहिल्याच सभेत ती कुणीतरी मांडावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.