बँडवॅगनेस्क : समीक्षक आणि चाहते

बँडवॅगनेस्क हा टीनेज फॅनक्लब या स्कॉटिश बँडचा अल्बम, नोव्हेंबर १९९१ मध्ये आलेला. ब्रिटनमध्ये क्रिएशन रेकॉर्ड्सने काढला आणि अमेरिकेत गेफेनच्या डीजीसी लेबलने. बँड ग्लासगोजवळच्या बेल्सहिलचा. नॉर्मन ब्लेक, जेरार्ड लव्ह आणि रेमंड मॅकगिन्ली हे तिघंही गाणी लिहायचे आणि आपापली गाणी स्वतःच गायचे, ड्रम्सवर ब्रेंडन ओ'हेअर. इंडी (म्हणजे छोट्या, स्वतंत्र लेबलांच्या वर्तुळातल्या) पॉवर पॉपचा विषय निघाला की या अल्बमचं नाव येतंच, पण त्याच्याबद्दल जे काही छापलं गेलंय त्यातलं बहुतेक सगळं दोनच मुद्द्यांभोवती फिरतं. एक म्हणजे स्पिन मासिकाची १९९१ ची यादी आणि दुसरा म्हणजे बिग स्टार या जुन्या बँडचं ऋण.

पॉवर पॉप हा शब्द साधारणपणे द हू बँडच्या पीट टाउनशेंडचा मानतात, १९६७ च्या एका मुलाखतीतला. प्रकार म्हणून मात्र तो ओळखला जायला लागला सत्तरच्या दशकात, बॅडफिंगर, रास्पबेरीज आणि मेम्फिसचा बिग स्टार यांच्यामुळे. बीटल्स-बर्ड्सच्या वळणाच्या चाली, दोन-तीन आवाजांची हार्मनी, तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं आणि खाली चांगली दणदणीत गिटार, एवढं सगळं एकत्र आलं की पॉवर पॉप. १९७९ मध्ये द नॅकचं माय शरोना अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, मग कंपन्यांनी तशाच बँड्सची रांग लावली आणि समीक्षकांना या प्रकाराचा वीट आला. १९९१ पर्यंत एखाद्या बँडला पॉवर पॉप म्हणणं म्हणजे जुनं उगाळणारा म्हणण्यासारखंच होतं. हे माहीत नसेल तर बँडवॅगनेस्कवरच्या सुरुवातीच्या टीकेचा सूर नीट कळत नाही.

आता स्पिनची यादी. अमेरिकेच्या या मासिकाने १९९१ चा सर्वोत्तम अल्बम म्हणून बँडवॅगनेस्क निवडला आणि निर्वाणाचा नेव्हरमाइंड, आर.ई.एम.चा आउट ऑफ टाइम हे त्याच्या मागे राहिले. हा निकाल आजही लोक हसत हसत सांगतात, क्विझवाल्यांचा तर हा आवडता प्रश्न. पण तारखा बघितल्या तर त्यात एवढं हसण्यासारखं काही नाही. नेव्हरमाइंड २४ सप्टेंबर १९९१ ला आला आणि बिलबोर्ड या अमेरिकन चार्टवर पहिल्या नंबरला पोचला जानेवारी १९९२ मध्ये, मायकल जॅक्सनच्या डेंजरसला खाली ओढून. मासिकांच्या वर्षअखेरच्या याद्या त्याच्या कितीतरी आधी ठरलेल्या असतात, म्हणजे निवड झाली तेव्हा नेव्हरमाइंड हा एक चांगला अल्बम होता, पिढी बदलणारी घटना अजून व्हायची होती. शिवाय अमेरिकेत दोन्ही अल्बम एकाच डीजीसीचे, त्यामुळे ही बड्या विरुद्ध छोट्या कंपनीची लढाई होती असंही म्हणता येत नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस साप्ताहिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या मतदानात नेव्हरमाइंड पहिला आला आणि नंतरच्या बहुतेक लिखाणाने तोच निकाल बरोबर धरला. स्पिनने चूक केली की नाही यावर अजून दोन्ही बाजूंनी लिहिलं जातं, पण ती निवड फक्त संगीत ऐकून झालेली होती, पुढे काय होणार हे बघून नाही, आणि समीक्षकाचं काम तेवढंच असतं असं मानणाऱ्यांचं म्हणणं जास्त पटतं. दोन्ही बँड्समध्ये काही वैर नव्हतं. १९९२ च्या उन्हाळ्यात निर्वाणाच्या युरोप दौऱ्यात त्यांच्या आधी स्टेजवर टीनेज फॅनक्लबच असायचा.

बिग स्टारचा मुद्दा जास्त गुंतागुंतीचा आहे. अ‍ॅलेक्स चिल्टन आणि ख्रिस बेल यांच्या या बँडचे नंबर वन रेकॉर्ड (१९७२) आणि रेडिओ सिटी (१९७४) हे अल्बम समीक्षकांनी उचलून धरले पण दुकानांत नीट पोचलेच नाहीत, वितरणाचा बोजवारा उडाला. ऐंशीच्या दशकात आर.ई.एम. आणि रिप्लेसमेंट्स यांनी त्यांचं नाव जिवंत ठेवलं. बँडवॅगनेस्क आल्यावर अनेकांनी थेट म्हटलं की हा बिग स्टारचा न निघालेला अल्बम आहे, काहींनी कौतुकाने तर काहींनी नक्कल या अर्थाने. पुरावे म्हणून डिसेंबर हे लव्हचं गाणं पुढे करतात, कारण रेडिओ सिटीवरच्या सप्टेंबर गर्ल्समध्ये डिसेंबरचा उल्लेख येतो. १९९३ च्या पुढच्या अल्बमचं नाव थर्टीन, ते बिग स्टारच्या त्याच नावाच्या गाण्यावरून घेतलं असं सहसा मानतात, अर्थात त्यात गाणीही १३च आहेत. पण त्याच थर्टीनवर जीन क्लार्क नावाचं गाणं आहे, म्हणजे बर्ड्सचा संस्थापक गायक, आणि बँडवॅगनेस्कच्या लांबलेल्या, घरघरत्या गिटार सोलोंमध्ये नील यंगच्या क्रेझी हॉर्स या बँडचा हात स्पष्ट ऐकू येतो. तेव्हा फक्त बिग स्टार म्हणणं अपुरं आहे. शिवाय आवाजाचा पोत बघा. बिग स्टारची गिटार स्वच्छ, धारदार, एकेक तार सुटी ऐकू येते, तर इथे डॉन फ्लेमिंगच्या निर्मितीत गिटार जाड आणि धूसर आहे आणि त्यावर आवाज अगदी मऊ, जवळजवळ आळसावलेले. आधीचा कॅथलिक एज्युकेशन (१९९०) बराच गोंगाटी होता. त्यावरून इथे हार्मनीकडे जे वळण आलं त्याचं श्रेय बरेचदा फ्लेमिंगला दिलं जातं.

हा फरक पहिल्याच गाण्यात, द कॉन्सेप्टमध्ये, कळतो. सुरुवातीला फीडबॅकचा, म्हणजे गिटार आणि स्पीकर यांच्यातल्या गुंजनाचा, एकच सूर लांब ओढलेला, तानपुरा आधी लावून घ्यावा तसा, आणि मग त्याच्यावर साधे कॉर्ड्स येतात. तीनेक मिनिटांत गाणं नेहमीच्या हिशोबाने संपायला हवं पण संपत नाही, लय खाली येते, शब्द थांबतात आणि उरलेला वेळ नुसत्या आकाराच्या हार्मनीवर गिटार सावकाश फिरत राहते, एकूण सहा मिनिटं. सवाई गंधर्वच्या मांडवात विलंबित ऐकत वाढलेल्या पुणेकर कानाला हे लांबवणं अजिबात खटकत नाही, ते ओळखीचंच वाटतं. रेडिओसाठी मात्र ते अवघड होतं. याच्या उलट टोकाला व्हॉट यू डू टू मी, दोन मिनिटांचं, मोजक्या ओळी पुन्हा पुन्हा. समीक्षकांनी त्याला शब्दांची गरिबी म्हटलं, चाहत्यांना तेच सगळ्यात आवडलं. शेवटचं इज धिस म्युझिक? तर निव्वळ वाद्यांचं आहे.

विक्रीचं थोडक्यात : ब्रिटिश चार्टवर २२ वा नंबर, अमेरिकेत पहिल्या शंभरातही नाही, कॉलेज रेडिओवर मात्र स्टार साइन हे गाणं चांगलं वाजलं. कव्हरवर गुलाबी पार्श्वभूमीवर डॉलरचं चिन्ह असलेली पिवळी पैशांची पिशवी आहे. डॉलरच्या पिशवीच्या त्या चित्रावर किस बँडच्या जीन सिमन्सचा ट्रेडमार्क होता आणि गेफेनने त्यांना चेक देऊन विषय मिटवला असं सांगतात.

थर्टीनवर समीक्षक तुटून पडले आणि त्याचा फटका बँडवॅगनेस्कलाही बसला, म्हणजे हेही तेव्हा फुगवलेलंच होतं असं मागे वळून लिहिलं गेलं. १९९५ च्या ग्रां प्रीने बँडची पत परत आली. तेव्हापासून चाहत्यांमध्ये सरळ दोन पक्ष आहेत, ग्रां प्रीला श्रेष्ठ मानणारे आणि बँडवॅगनेस्कला मानणारे. गाणं म्हणून एकेक तोलायचं तर ग्रां प्री जास्त नेटका आहे हे मान्य करावं लागेल, पण आवाजाची जी ऊब बँडवॅगनेस्कमध्ये आहे ती त्यात नाही. २०१७ मध्ये डेथ कॅब फॉर क्युटी या अमेरिकन बँडच्या बेन गिबर्डने हा आख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत पुन्हा रेकॉर्ड केला, हा आपल्या सगळ्यात आवडत्या बँडचा सगळ्यात आवडता अल्बम असं सांगून. यादीतल्या नंबरापेक्षा ही दाद मोठी मानायला हवी, कारण ती २५ वर्षं ऐकून मग दिलेली आहे.

पुण्याबद्दल. इथे हा अल्बम पेपरातल्या परीक्षणांतून आला नाही, हातोहात आला. नव्वदीत इम्पोर्टेड कॅसेट परवडायची नाही, बाहेरून कुणाचा दादा किंवा मामा घेऊन यायचा आणि मग त्याच्या कॉप्या व्हायच्या. अल्बम ४५ मिनिटांच्या आत आहे, त्यामुळे सी-९० कॅसेटच्या एका बाजूला पूर्ण मावतो आणि दुसऱ्या बाजूला रेडिओ सिटीही मावतो, म्हणजे समीक्षकांचा सगळा वाद एका कॅसेटवर, बाजू पलटून आपणच ठरवायचं. असं ऐकणाऱ्याला नक्कल की ऋण हा प्रश्न फार छळत नाही, दोन्ही आवडतात. २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यातून सुरू झाला, त्यानंतर स्वतःची इंग्रजी गाणी लिहिणाऱ्या बँड्सना इथे हक्काचा श्रोता मिळाला. त्या वर्तुळातल्या मंडळींशी गिटार पॉपबद्दल बोललं की बीटल्सनंतर बहुतेक जण थेट ओएसिसवर येतात, पण ओएसिसचं लेबलही क्रिएशनच आणि त्यांचा गायक लियम गॅलाघरने टीनेज फॅनक्लबला जगातला दुसऱ्या नंबरचा बँड म्हटल्याचं प्रसिद्ध आहे, पहिला अर्थातच स्वतःचा. त्या वाटेने मागे आलं की बँडवॅगनेस्क भेटतो. हल्ली तो स्ट्रीमिंगवर सहज मिळतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये क्रिएशनच्या काळातले अल्बम नव्याने मास्टर करून व्हाइनलवर आले आणि त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटनमध्ये ते सगळे ओळीने स्टेजवर वाजवले गेले. त्या कार्यक्रमांनंतर जेरार्ड लव्ह बँडमधून बाहेर पडला. स्टार साइन, डिसेंबर, गायडिंग स्टार ही त्याची गाणी, त्यामुळे बँडवॅगनेस्क मूळ आवाजांत पूर्ण ऐकण्याची सोय आता रेकॉर्डवरच आहे.