इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग: ॲस्बेस्टॉसपासून रबरापर्यंत

ठाण्याचं वागळे इस्टेट असो की नवी मुंबईचं तुर्भे, मॉडिफाय केलेली गाडी आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) डुगडुगायला लागली की पहिला संशय इंजेक्टरवर जातो, मग ईसीयूच्या (इंजिनच्या कंप्युटरच्या) मॅपवर. इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणारा नळ्यांचा संच) आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) यांच्यामधल्या पॅकिंगची पाळी शेवटी येते. अशा गाडीत हेड एका काळाचं, मॅनिफोल्ड दुसऱ्या काळाचं आणि पॅकिंग शीटमधून कापलेलं असतं. प्रत्येक जातीचं पॅकिंग त्या त्या काळच्या मॅनिफोल्डसाठी घडलं. गळती बहुतेक वेळा या सरमिसळीतून निघते.

ॲम्बेसेडरच्या 1489 सीसी बीएमसी इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट हेडच्या एकाच बाजूला होते आणि दोघांना मिळून एकच पॅकिंग. ते ॲस्बेस्टॉसचं असे. एक्झॉस्टची उष्णता ते सोसायचं, शिवाय फेस (जोडाचा पृष्ठभाग) थोडा खडबडीत असला तरी भरून काढायचं. तेव्हा इनटेक गरम राहणं हवंच असे, कारण कार्बुरेटरमधून आलेलं पेट्रोल थंड भिंतीवर थेंब होऊन चिकटतं. या जोडणीची खोड वेगळीच होती. मधल्या स्टडवरचा जाड वॉशर दोन्ही मॅनिफोल्डचे फ्लँज (जोडाच्या पट्ट्या) एकदम दाबतो. एक फ्लँज दुसऱ्यापेक्षा 0.2 मिमी जरी जाड असला तरी पातळ बाजू सैल राहते, नट कितीही आवळा. दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र बांधून फेस मारणं (मशीनवर सपाट करणं) हाच त्यावर उपाय. अशी जुनी गाडी उघडताना पॅकिंग कोरडं घासू नये. ओलं करून प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावं, ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाते. युरोपीय संघात 2005 पासून त्यावर पूर्ण बंदी आहे.

त्याच्या जागी ॲरामिड तंतू आणि नायट्राइल रबर यांची शीट आली. त्यातल्या केव्हलार या ॲरामिडचा पाया 1965 मध्ये ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक यांनी घातला. इनटेकला ही शीट छान चालते, पण ॲस्बेस्टॉसइतकी क्षमाशील नाही. भर म्हणून फेब्रुवारी 2023 पासून पंपांवर ई20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) येऊ लागलं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये हलक्या दर्जाचं नायट्राइल फुगतं. पोर्टची (हेडमधल्या हवेच्या वाटेची) भिंत पेट्रोलने ओली होत असते, म्हणून शीट घेताना इथेनॉलला चालते का हे विचारून घ्यावं. रबरी सील असेल तर एफकेएम (फ्लोरिनयुक्त रबर) मागावं.

झेन आणि एस्टीममुळे आपल्याकडे घराघरांत पोहोचलेल्या सुझुकीच्या जी-सिरीज इंजिनांनी प्रश्न बदलला. इनटेक आणि एक्झॉस्ट हेडच्या विरुद्ध बाजूंना गेले, मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचं झालं आणि त्याला ऊब कूलंटची मिळू लागली. थर्मोस्टॅटही मॅनिफोल्डवरच बसला. म्हणजे हे पॅकिंग हवेबरोबर पाणीही अडवतं. या इंजिनावर बाइकचे कार्बुरेटर किंवा वेगळे थ्रॉटल बॉडी (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा) लावताना कूलंटचा रस्ता आधी आखावा लागतो. शीट कापताना पाण्याचं छिद्र लहान राहिलं तर इंजिन तापतं. पाण्याचं छिद्र आणि पोर्ट यांच्यामधली पट्टी अरुंद ठेवली तर कूलंट पोर्टमध्ये उतरतं: बाहेर थेंब नाही, पण सकाळी स्टार्टला पांढरा धूर आणि टाकीतली पातळी खाली.

अमेरिकेत व्ही8 च्या धंद्यात पॅकिंग हे मापच होऊन बसलं. स्मॉल-ब्लॉक शेव्हरोलेसाठी फेल-प्रो या पॅकिंग कंपनीचं 1205 (सुमारे 32.5 × 53 मिमी पोर्ट) किंवा त्याहून मोठं 1206 सांगितलं की पोर्ट किती उघडायचा ते कळतं. त्यावरून पॅकिंग ठेवून पोर्ट आखायची पद्धत इकडेही रुळली. मात्र शीट दाबल्यावर आत सरकते, म्हणून तिची कड पोर्टपासून अर्धा ते एक मिमी मागे हवी.

पुढचा टप्पा प्लॅस्टिकचा. जनरल मोटर्सच्या काही व्ही6 आणि व्ही8 इंजिनांत नायलॉनच्या चौकटीवर सिलिकॉनची कड असलेली पॅकिंग होती. त्यांतून कूलंट गळू लागलं, खटले झाले आणि 2008 मध्ये तडजोड झाली. दुरुस्तीच्या संचांत मग धातूची चौकट आली. मारुतीच्या के-सिरीजमध्ये मॅनिफोल्डच प्लॅस्टिकचं आहे, खाचेत रबरी सील आणि बोल्टच्या छिद्रांत धातूच्या बुश. बोल्ट बुशवर टेकला की जास्त आवळून सील अधिक दाबलं जात नाही. हेडचा पोर्ट सीलच्या रेषेपर्यंत उघडला तर सील अधांतरी राहतं, आणि मग सिलिकॉन फासून उपयोग नाही. पेट्रोलने ते सुटतं आणि तुकडे व्हॉल्व्हपाशी जातात.

कार्बुरेटरच्या काळात हवी असलेली ऊब इंजेक्शन आल्यावर नकोशी झाली. होंडाच्या इंजिनांसाठी होंडाटा या ट्यूनिंग कंपनीने उष्णता अडवणारं पॅकिंग काढलं. इतर इंजिनांना लोक 3 ते 6 मिमी जाड फिनॉलिक (उष्णता अडवणारं कडक प्लॅस्टिक) लावतात. घोडबंदर रोडच्या कोंडीत मॅनिफोल्ड तापायला त्याने उशीर लागतो, हे खरं. गाडी धावू लागली की फायदा किरकोळ. त्रास मात्र नक्की: हेड आणि मॅनिफोल्डच्या तापमानात 40 अंशांचा फरक पडला तर 400 मिमी लांब ॲल्युमिनियम फ्लँजच्या लांबीत सुमारे 0.37 मिमीचा फरक पडतो आणि पॅकिंग घासलं जातं. छिद्रांना मोकळीक द्या, स्टड लांब घ्या, आणि मॅनिफोल्डखालचा ब्रॅकेट विसरू नका. तो फिनॉलिकच्या जाडीइतका सरकवला नाही तर खालची कड उघडते.

टर्बोवाल्यांना वाटतं की बूस्टने (टर्बोने दाबून भरलेल्या हवेच्या दाबाने) पॅकिंग उडतं. 1 बार बूस्ट आणि 15 चौ. सेंमी पोर्ट धरला तर जोर फक्त 150 न्यूटन. एम8 च्या एकाच बोल्टची पकड त्याच्या कित्येक पट. गळती होते ती दोन बोल्टच्या मधे, फ्लँज वाकल्यामुळे. घरचा मॅनिफोल्ड करताना फ्लँज 10 ते 12 मिमी ठेवा आणि वेल्डिंगनंतर फेस मारा. सरळपट्टीखाली 0.10 मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) शिरला तर परत मशीनवर. अनेक पदरी स्टीलचं पॅकिंग अशा गुळगुळीत फेसवरच चालतं, खड्डे पडलेल्या जुन्या हेडला स्टीलचा गाभा असलेलं फायबर बरं. सीएनजीचं जुनं किट असेल तर बॅकफायरचा (इनटेकमध्येच पेट घेणाऱ्या गॅसचा) धक्का बूस्टपेक्षा वाईट. इग्निशन आधी सुधारा.

नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत आवळा. एम8 ला साधारण 18 ते 25 न्यूटन-मीटर, पण पुस्तिकेतला आकडा अंतिम. फायबर असेल तर एकदा तापून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा तपासा. एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत आयडलला फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली भर-वजाबाकी) +15 टक्के आणि 2500 आरपीएमला शून्याजवळ दिसला तर हवा खेचली जातेय. बूस्टची गळती मात्र आयडलला दिसेलच असं नाही, कारण तेव्हा व्हॅक्यूम पॅकिंगची सुटलेली कड आत ओढून धरतो. त्यासाठी इनटेकची तोंडं बंद करून अर्धा बार हवा भरावी आणि जोडावर साबणाचं पाणी लावावं.