अजॅक्स दोन आहेत हो, एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारू नका

ट्रोजन वॉरचा, म्हणजे ग्रीक पुराणकथांमधल्या ग्रीक विरुद्ध ट्रॉय शहर या युद्धाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, अजॅक्स या ग्रीक योद्ध्याने ट्रॉयची राजकन्या कसँड्रा हिला देवळातून ओढून काढलं म्हणून अथेना देवीने त्याला वेड लावलं आणि त्याने आत्महत्या केली. अरे बाबांनो, ओढणारा धाकटा अजॅक्स वेगळा आणि आत्महत्या करणारा थोरला अजॅक्स वेगळा!

थोरला सगळ्यांना माहितीय. सॅलमिस बेटावरच्या टेलामॉनचा मुलगा, ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ योद्धा अकिलीस याचा चुलतभाऊ, धिप्पाड, सात कातड्यांची ढाल, पदरी युद्धात पकडून आणलेली टेक्मेसा आणि तिच्यापासून झालेला मुलगा युरिसाकीस. सावत्र भाऊ ट्यूसर, ज्याची आई ट्रॉयचा राजा प्रायम याची बहीण, म्हणजे प्रायमचा मुलगा हेक्टर त्याचा सख्खा मामेभाऊ, आणि हे कुणी सांगतच नाही! धाकटा म्हणजे ग्रीसमधल्या लोक्रिस प्रांताच्या ओइलियसचा मुलगा, अंगाने लहान, लिननचं चिलखत, पळण्यात पटाईत. थोरल्या-धाकट्याचं नातं काहीच नाही. युद्धाला आणलेली जहाजं मात्र धाकट्याची ४० आणि थोरल्याची फक्त १२.

खरा घोळ अथेनामुळे होतो, कारण ती दोघांवरही चिडली आणि दोघांनीही फुशारकी मारली. पण काय मारली ते बघा ना. प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या नाटकात थोरला म्हणतो, देवांच्या मदतीने कोणीही लल्लूपंजू जिंकेल, मी त्यांच्याशिवाय जिंकून दाखवतो, आणि भर लढाईत अथेना पाठीशी आली तर तिलाच सांगतो की तू दुसऱ्यांकडे जाऊन उभी राहा. झाला तो एवढाच अपराध, गर्व. पुढे अकिलीस मेल्यावर त्याची शस्त्रं ऑडिसियस या दुसऱ्या ग्रीक सरदाराला मिळाली, हा रात्री सूड घ्यायला निघाला, अथेनाने बुद्धी फिरवली आणि सरदार समजून याने गुरंमेंढरं कापली. शुद्धीवर आल्यावर त्याला अपराधीपणा वाटला नाही, लाज वाटली. म्हणून हेक्टरनेच भेट दिलेल्या तलवारीवर पडून मेला (२००४ च्या 'ट्रॉय' सिनेमात हेक्टरच त्याला मारून टाकतो, तो सीन बघून मी टीव्ही बंद केला होता).

धाकट्याचं तसं नाही. त्याने अथेनाच्या मूर्तीला बिलगलेल्या कसँड्राला खेचलं, हा सरळसरळ देवळाचा विटाळ. ग्रीक त्याला दगडांनी ठेचायला निघाले तर हा पठ्ठ्या अथेनाच्याच वेदीपाशी जाऊन लपला! परतीच्या वाटेवर जहाज फुटलं, समुद्रदेव पोसायडनने खडकावर वाचवलं, तिथेही म्हणतो कसा, देवांच्या नाकावर टिच्चून वाचलो. पोसायडनने त्रिशूळाने खडकच फोडला. मला या माणसाबद्दल काडीची सहानुभूती नाही.

अजून पटत नसेल तर अथेन्स बघा. अथेना तिथली ग्रामदेवता, तरी इ.स.पू. ५०८ च्या सुमारास तिथला पुढारी क्लेइस्थेनीसने नागरिकांचे १० गट पाडले तेव्हा एकाला नाव दिलं ते थोरल्या अजॅक्सचं. आणि लोक्रिसवाल्यांना मात्र धाकट्याच्या पापापायी आपल्या मुली ट्रॉयला अथेनाच्या देवळात सेवेला पाठवाव्या लागायच्या.