शिकारी पक्षी : उपचारानंतर मुक्तता की बंदिवास (नाशिक)

जखमी शिकारी पक्षी बरा झाल्यावर निसर्गात सोडायचा की कायम पिंजऱ्यात सांभाळायचा, यासंबंधीचा निर्णय. नाशिक शहर आणि येवला येथे संक्रांतीच्या सुमारास घारी, शिक्रे, घुबडे नायलॉन मांजात अडकतात, तेव्हा तो वारंवार घ्यावा लागतो.

जखम भरणे ही सोडण्यासाठी पुरेशी अट नाही. मांजा बहुधा खांदा व मनगट यांमधला, पंखाच्या पुढच्या कडेचा पडदा कापतो. कातडी टाक्यांनी जुळते. आतली कंडरा तुटली असेल तर पंख पूर्ण उघडत नाही. हाड मधोमध मोडले तर जुळण्याची आशा बरी, कोपराच्या सांध्याजवळ मोडले तर फार कमी. पंख गरजेपेक्षा जास्त दिवस बांधून ठेवल्यानेही सांधा आखडतो, आणि हे नुकसान टाळता येण्याजोगे असते.

हाड जुळल्यावर पायांत चामडी पट्टे व लांब दोरी बांधून पक्ष्याला मोकळ्या मैदानात रोज थोडे जास्त उडवतात. थोड्याच उड्डाणांत चोच उघडून धाप लागणे, उतरल्यावर एक पंख लोंबणे, उंची न गाठता येणे ही अजून थांबण्याची लक्षणे. उकिरड्यावरही पोट भरणाऱ्या घारीला किंचित उणीव चालून जाते. झाडीतून वळणे घेत झडप घालणाऱ्या शिक्र्याला नाही. एका डोळ्याचे गव्हाणी घुबड कानांवर उंदीर पकडू शकते, म्हणून त्याची शिकार अंधारात पारखल्याशिवाय त्याला बाद करू नये. तुटलेल्या पिसाच्या दांड्यात बांबूची काडी घालून त्याच जातीचे, त्याच जागेचे गळालेले पीस गोंदाने जोडता येते; नाहीतर पुढच्या पीसगळतीपर्यंत थांबावे लागते.

पिल्लांची गोष्ट वेगळी. नुसत्या बिनहाडाच्या मांसावर वाढलेल्या पिल्लाची हाडे कॅल्शियमअभावी वाकतात, आणि माणसाच्या हातून भरवलेले पिल्लू माणसालाच आपले समजू लागते. जुन्या वाड्यातून पडलेले धडधाकट पिल्लू घरट्यात परत ठेवणे सर्वांत चांगले.

घार, शिक्रा सकाळी सोडावेत, घुबड तिन्हीसांजेला. शक्यतो सापडले त्याच परिसरात, पण पतंगबाजी सरल्यावर आणि झाडांवर अडकलेला मांजा काढल्यावर. हवेत भिरकावू नये, पेटी उघडून बाजूला व्हावे. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर हिवाळ्यात येणारे भोवत्या (हॅरियर) हे स्थलांतरित शिकारी पक्षी परतण्याआधी बरे झाले नाहीत, तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत सांभाळावे लागतात.

बंदिवास हा सोपा पर्याय नाही. सपाट, कडक बैठकीमुळे तळपायांना गाठी येऊन पू होतो, तारेच्या जाळीवर शेपटीची पिसे मोडतात. म्हणून काथ्या गुंडाळलेल्या, कमी-जास्त जाडीच्या बैठका आणि उभे गज वापरतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार असे पक्षी घरी पाळता येत नाहीत. जखमी पक्षी आढळल्यास वनविभागाला १९२६ वर कळवावे. अंजनेरीच्या कड्यांवर राहणाऱ्या लांब चोचीच्या गिधाडाबाबत मात्र कायम सांभाळण्याला खरा अर्थ आहे: न उडणारी मादीही प्रजनन केंद्रात जोडी जमल्यास वर्षाला एक अंडे घालू शकते.