एक्स्टेन्शन लपवलं कुणी? ईमेल व्हायरसची पार्श्वभूमी

फ्लॉपीतून पसरणाऱ्या व्हायरसचा काळ इथे सोडून देऊ. मार्च 1999 मध्ये मेलिसा हा व्हायरस आला. वर्डच्या फाइलमधला हा मॅक्रो (फाइलीत दडलेला छोटा प्रोग्राम) आउटलुक या मेलच्या प्रोग्रामच्या ॲड्रेस बुकमधल्या पहिल्या 50 पत्त्यांवर स्वतःच मेल पाठवायचा. ‘अनोळखी माणसाची अटॅचमेंट उघडू नका’ हा सल्ला तिथेच लंगडा पडला, कारण मेल आता ओळखीच्यांकडूनच येऊ लागला.

4 मे 2000 रोजी मनिलाहून ‘आय लव्ह यू’ सुटला. त्याच्या अटॅचमेंटच्या नावाला दोन शेपट्या, म्हणजे एक्स्टेन्शन (फाइलीचा प्रकार सांगणारी, टिंबानंतरची अक्षरं), होत्या: आधी साध्या मजकुराचं टीएक्सटी, मग स्क्रिप्टचं, म्हणजे चालवता येणाऱ्या आज्ञांचं, व्हीबीएस. विंडोज ओळखीच्या प्रकारांचं एक्स्टेन्शन दाखवत नसे, त्यामुळे शेवटचं व्हीबीएस झाकलं जाई. साधा मजकूर समजून लोकांनी डबल-क्लिक केलं आणि स्क्रिप्ट चालू झाली.

एक्स्टेन्शन लपवण्याची ही सवय विंडोज 95 पासूनची. नवख्या माणसाला नाव सुटसुटीत दिसावं, नाव बदलताना चुकून एक्स्टेन्शन पुसलं जाऊ नये, असं तिचं समर्थन होतं. व्हीबीएस म्हणजे काय हे किती जणांना कळलं असतं, असंही विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण ज्यांना कळलं असतं त्यांच्याही डोळ्यांवर पट्टी का बांधायची? इतकं होऊनही विंडोज 11 मध्ये एक्स्टेन्शन मुळात लपलेलीच असतात. एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत जाऊन ती आपणच उघडी करायची. दोष मात्र आजही क्लिक करणाऱ्याच्या माथी.

जून 2000 मध्ये आउटलुकसाठी अपडेट आला आणि ईएक्सई (प्रोग्रामच्या फाइली), व्हीबीएस अशा अटॅचमेंट सरसकट अडवल्या गेल्या. ऑफिसांत कुरकुर झाली. घरोघरी मात्र आउटलुक एक्स्प्रेस हा वेगळाच प्रोग्राम होता, आणि हा अपडेट त्याच्यासाठी नव्हताच. 2001 मध्ये निम्डा आणि क्लेझ आले. इंटरनेट एक्स्प्लोररचा पॅच (दोष दुरुस्त करणारा अपडेट) टाकलेला नसेल तर व्हायरस चालू व्हायला मेल नुसता प्रीव्ह्यूमध्ये दिसला तरी पुरे. मग अँटीव्हायरसला आतलं दिसू नये म्हणून 2004 मध्ये बेगल पासवर्ड लावलेल्या झिपमधून आला, पासवर्ड त्याच मेलमध्ये.

इंटरनेटवरून आलेल्या वर्ड, एक्सेलसारख्या फाइलींतले मॅक्रो आपोआप अडवायला मायक्रोसॉफ्टला 2022 उजाडलं. तेही जुलैत मध्येच थांबवलं आणि त्याच महिन्यात पुन्हा सुरू केलं. त्या सुमारास हल्लेखोर आयएसओ (डिस्कची प्रत असलेली फाइल) आणि शॉर्टकट फाइलींकडे वळले. शॉर्टकटचं एलएनके हे एक्स्टेन्शन तर ‘व्ह्यू’मधली सेटिंग बदलूनही दिसत नाही.