घोडा, चिलट आणि दव

उन्हाळा लागला की काही घोडे कुंपणाला, झाडाला, तबेल्याच्या चौकटीला मान घासू लागतात. आयाळ झडते, शेपटीच्या बुंध्याशी नुसते खुंट उरतात, कातडी सोलवटते, रक्त येते. थंडीत सगळे भरून येते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. इंग्लंडमध्ये याला ‘स्वीट इच’ म्हणतात, ऑस्ट्रेलियात ‘क्वीन्सलँड इच’, जपानमध्ये ‘कासेन’. कारण सगळीकडे एकच: क्युलिकॉइडिस वंशाची चावरी चिलटे. आकार एक ते तीन मिलिमीटर. रक्त फक्त मादी पिते, अंड्यांसाठी. तिच्या लाळेतल्या प्रथिनांची काही घोड्यांना अ‍ॅलर्जी असते. त्याच कुरणात शेजारी चरणाऱ्या दुसऱ्या घोड्याला तीच चिलटे चावतात आणि त्याला त्याचे काहीच वाटत नाही.

हे कळायला विसावे शतक निम्मे सरावे लागले. चिलटांपासून घोडा राखायचा कसा, हे मात्र माणसांना त्याच्या कितीतरी आधी उमगले होते, आणि तेही चुकीच्या कारणाने.

दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांतात 1854-55 साली ‘आफ्रिकन हॉर्स सिकनेस’च्या साथीत सुमारे 70,000 घोडे मेले. हा रोग खाजेचा नव्हे, विषाणूचा. पण तो पसरवणारी चिलटे याच कुळातली. तिथल्या शेतकऱ्यांची समजूत होती की रोग दवातून येतो. म्हणून दिवेलागणीच्या आत घोडे तबेल्यात आणायचे आणि सकाळी गवतावरचे दव वाळेपर्यंत बाहेर सोडायचे नाहीत. दवाचा काही दोष नव्हता. पण या चिलटांचा मुख्य वावर नेमका संध्याकाळपासून सकाळपर्यंतचा, म्हणून उपाय लागू पडत होता. आपल्याकडे गोठ्यात संध्याकाळी धुरी करतात, तीही कुणी कीटकशास्त्र शिकून सुरू केलेली नाही.

रोगामागे विषाणू आहे हे 1900 साली दिसून आले. प्रिटोरियाजवळच्या ऑन्डरस्टेपोर्ट इथे अर्नॉल्ड थायलर यांच्या पुढाकाराने 1908 मध्ये पशुवैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली. तरी विषाणू वाहून नेणारे चिलट आहे हे त्याच संस्थेतल्या आर. एम. डू टॉइट यांनी दाखवले ते 1944 साली. पुढे 1959 ते 1961 या काळात हा रोग मध्यपूर्वेतून पाकिस्तान आणि भारतापर्यंत पोचला. त्या साथीत घोडे, गाढवे, खेचरे मिळून तीन लाखांहून अधिक जनावरे दगावली. तेव्हापासून घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीत चिलटांचा विचार टाळता येत नाही.

खाजेच्या वाट्याला एवढे लक्ष आले नाही. तिने घोडा मरत नाही; तो कुरूप होतो, चिडतो, खोगीर ठेवू देत नाही, किंमत उतरते. मरणाऱ्या जनावरासाठी सरकार पैसे काढते, खाजवणाऱ्यासाठी मालकच काढतो. त्यामुळे कोवळे गवत जास्त झाले, रक्तात उष्णता वाढली, अशी स्पष्टीकरणे बराच काळ चालून गेली. ऑस्ट्रेलियात आर. एफ. रीक यांनी 1953 आणि 1954 मध्ये क्वीन्सलँडच्या घोड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ही स्थानिक चिलटांच्या चाव्याची अ‍ॅलर्जी आहे हे दाखवले. त्यांनी ज्या जातीवर बोट ठेवले ती आज क्युलिकॉइडिस ब्रेव्हिटार्सिस या नावाने ओळखली जाते. ती वाढते गाईगुरांच्या ताज्या शेणात. म्हणजे घोड्यांचे कुरण गुरांपासून लांब ठेवणे हाही उपायच. इंग्लंडमध्ये मेलर आणि मकेग यांनी 1974 साली असाच निष्कर्ष मांडला, तोही ‘संभाव्य कारण’ अशा सावध शब्दांत.

पण या आजाराची खरी प्रयोगशाळा ठरला आइसलँड, आणि तीही कुणी न मांडता. नॉर्स वसाहतकऱ्यांनी हजारेक वर्षांपूर्वी नेलेल्या घोड्यांची पैदास तिथे वेगळीच राहिली. बाहेरचा घोडा बेटावर आणायला मनाई आहे. 982 साली आल्थिंगने, म्हणजे तिथल्या लोकसभेने, तसा कायदा केला अशी परंपरा सांगितली जाते. एकदा देशाबाहेर गेलेला आइसलँडिक घोडाही परत येऊ शकत नाही, मग तो तिकडे स्पर्धा जिंकून आलेला का असेना. शिवाय बेटावर घोड्यांना चावणारी ही चिलटे नव्हती. घोडा तिथे जन्मतो, वाढतो, म्हातारा होतो, त्याला खाज माहीत नसते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे ठेंगणे, दाट आयाळीचे, चालीसाठी प्रसिद्ध घोडे युरोपात मोठ्या संख्येने विकले जाऊ लागले. नव्या देशात दोनचार उन्हाळे गेले की त्यांतले बरेच आयाळ घासायला लागत. जात नाजूक आहे असे म्हणून विषय मिटवता आला असता. पण त्याच जातीची शिंगरे युरोपातही जन्मत होती, त्यामुळे तुलना आयतीच मिळाली. स्वीडनमध्ये 1987 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आइसलँडहून आणलेल्यांपैकी 26.2 टक्के घोड्यांना खाज होती, स्वीडनमध्ये जन्मलेल्यांपैकी फक्त 6.7 टक्के. नॉर्वेतल्या 1991 च्या पाहणीतले आकडे 26.9 आणि 8.2. रक्त तेच, आईबाप त्याच कुळातले. फरक चिलटाची पहिली भेट कोणत्या वयात झाली याचा. शिंगरू असताना चावे खाल्लेल्या घोड्याचे शरीर बहुधा ती लाळ सोसायला शिकते. मोठेपणी पहिल्यांदा चावे बसले की प्रतिकारशक्तीची चुकीची फळी उभी राहते. पुढे 2006 साली जर्मनी, डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये नेलेल्या 330 घोड्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा चिलटांच्या सहवासात दोन किंवा अधिक वर्षे काढलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना खाज सुटलेली आढळली. एवढे आकडे हाती आल्यावर घोडा विकताना ही गोष्ट दडवून ठेवणे अवघड झाले, हे बरेच झाले.

दरम्यान मालकांनी आपल्यापरीने बचाव उभा केला, आणि तो जवळजवळ सगळा चिलटाच्या खोडींवर बेतलेला आहे. ते दुबळे उडते, थोड्या वाऱ्यातही त्याला घोड्यावर बसता येत नाही; म्हणून उघड्या टेकाडावरचे कुरण पाणथळ सखल जागेपेक्षा बरे, आणि तबेल्यात मोठा पंखा. कातरवेळी आणि पहाटे घोडा आत. साधी मच्छरदाणी इथे फसते, कारण चिलट तिच्या भोकांतून सहज जाते. जाळी फार बारीक लागते किंवा कीटकनाशकात भिजवलेली. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगांत तबेल्याची दारे बंद करून खिडक्यांना जाळी लावल्यावर आत येणारी चिलटे कित्येक पटींनी घटली. काही जाती तबेल्यात शिरायला कचरतात आणि काही बिनदिक्कत येतात, हेही तिथेच समजले. म्हणजे नुसते छप्पर पुरत नाही. परमेथ्रिन हे कीटकनाशक पाठीवर ओततात, बेन्झाइल बेन्झोएट आयाळीच्या मुळाशी चोळतात. माणसांच्या खरजेवरचे हे जुने औषध, फक्त कातडी फाटण्याआधी लावायला हवे, नाहीतर चुरचुरते. सगळ्यांत भरवशाची ठरली ती अंगभर झूल: मान, पोट, शेपटीचा बुंधा झाकणारी, विणीची बारीक. ती खाज सुटल्यावर नव्हे, हंगाम सुरू होण्याआधी चढवावी लागते. इथेच बहुतेकांचे आठवडे वाया जातात.

लशीची वाट आइसलँडमधूनच निघाली. रेकयाविकजवळची केल्दुर संस्था आणि स्वित्झर्लंडमधले बर्न विद्यापीठ यांनी मिळून लाळेतली दोषी प्रथिने वेगळी केली. ती प्रयोगशाळेत तयार करून निर्यातीआधीच निरोगी घोड्यांना टोचायची, असा बेत. त्यांतले एखादे प्रथिन जनुके बदललेल्या जवाच्या दाण्यात तयार करून घोड्याच्या तोंडावाटे देण्याचाही प्रयत्न झाला, आणि घोड्याला टोचण्यापेक्षा जव चारणे सोपे हे कुठलाही मोतद्दार सांगेल. झुरिकमध्ये दुसऱ्याच दिशेने काम झाले: अ‍ॅलर्जीत गोळा होणाऱ्या इओसिनोफिल पेशींना बळ देणाऱ्या इंटरल्युकिन-5 या रेणूविरुद्धच घोड्याच्या शरीराला उभे करायचे. ही लस आधीपासून खाज असलेल्या आइसलँडिक घोड्यांना दिली. लस मिळालेल्यांपैकी 47 टक्क्यांची लक्षणे निम्म्याने किंवा अधिक कमी झाली. औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले द्रावण दिलेल्यांत हे प्रमाण 13 टक्के होते. उतारा आहे, पण झूल काढून ठेवावी इतका नाही.

आणि 2015 च्या उन्हाळ्यात खुद्द आइसलँडमध्ये, रेकयाविकच्या उत्तरेला ह्वालफ्योर्दुरच्या आसपास, लोकांच्या अंगावर चाव्यांचे पुरळ दिसू लागले. तपास केला तेव्हा सापडले ते क्युलिकॉइडिस रेकॉन्डिटस, स्थानिकांच्या भाषेत ‘लूसमी’. नंतरच्या वर्षांत ते देशाच्या इतर भागांतही पोचले.