दोन मंडळांत एकाच वेळी पदाधिकारी आहात? चेंज रिपोर्ट नक्की कुठे अडकतो ते वाचा

एक माणूस क्रीडा मंडळाचा सचिव आणि त्याच वेळी वाचनालयाचा खजिनदार असला तर चालतं का, असं बरेच जण विचारतात. चालतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० असो की संस्था नोंदणी अधिनियम १८६०, एकाच माणसाने दोन संस्थांत पद घेऊ नये असं सरसकट बंधन दोन्हीत नाही. तरी अशा लोकांचे बदल अर्ज (चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयात द्यायचा अर्ज) त्रुटी लागून परत येतात, वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि मग टेबलावर कोणीतरी सांगतं "तुम्ही दुसरीकडे पण आहात ना, म्हणून अडकलंय". कारण बहुतेक वेळा ते नसतंच, कारण कागदांत असतं.

सहकारी संस्था असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे १९६० चा सहकार कायदा लागतो आणि एकाच वेळी किती संस्थांचं मुख्य पद सांभाळता येईल यावर त्यात कलम ७३अ खाली मर्यादा आहे, त्यामुळे पतसंस्थेचा नियम मंडळाला लावू नका आणि मंडळाचा पतसंस्थेला लावू नका. खालचं सगळं धर्मादाय कार्यालयात नोंदलेल्या मंडळांबद्दल आहे.

पात्रता ठरते ती तुमच्या संस्थेच्या घटनेवरून. काही घटनांमध्ये "समान उद्देशाच्या अन्य संस्थेचा पदाधिकारी नसावा" असं एक वाक्य कुठेतरी सभासदत्वाच्या कलमात घुसवलेलं असतं आणि पदाधिकाऱ्यांच्या कलमात शोधणाऱ्याला ते दिसतच नाही. म्हणून दोन्ही संस्थांची घटना आणि नियमावली पहिल्या पानापासून वाचा. आता अडचण अशी की घटनेची मंजूर प्रत बहुतेक मंडळांकडे नसतेच, असते ती कोणीतरी कधीतरी टाईप करून घेतलेली, ज्यावर कार्यालयाचा शिक्का नाही आणि मधल्या काळातल्या दुरुस्त्या पण नाहीत. ती जोडू नका. नकलेसाठी अर्ज करून प्रमाणित प्रत काढा, आणि हे निवडणुकीच्या आधी करा, कारण जुनी फाईल रेकॉर्ड रूममधून वर यायला वेळ लागतो. लोकांना एका नकलेसाठी इतक्या चकरा मारायला लावणं खरंच बरोबर नाही, पण आज परिस्थिती तीच आहे. सोबत परिशिष्ट १ चा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा) उतारा पण मागून घ्या, म्हणजे रेकॉर्डवर आत्ता नावं कोणाची आहेत ते कळेल. खूप ठिकाणी तिथे दोन-तीन टर्म आधीची कमिटीच असते, मधले चेंज रिपोर्ट मंजूरच झालेले नसतात आणि हे नव्या कमिटीला कोणी सांगितलेलं नसतं.

मुदत. १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत अर्ज द्यायचा. बदल झाल्यापासून म्हणजे बदल झाल्यापासूनच, पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं त्या दिवसापासून नाही, चार्ज मिळाला त्या दिवसापासून नाही, बँकेत सह्या बदलल्या तेव्हापासून तर अजिबात नाही. १८६० च्या कायद्यात कमिटीची वार्षिक यादी द्यायची असते, वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत, ती वेगळी. ती दिली म्हणजे चेंज रिपोर्ट झाला असं समजून गप्प बसणारी मंडळं खूप आहेत. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज सोबत लावा आणि त्यात खरं कारण लिहा.

दोन पदं असणाऱ्यांचा घोळ इथून पुढे सुरू होतो. दोन संस्था म्हणजे दोन स्वतंत्र बदल अर्ज, दोन संमतीपत्रं, दोन शपथपत्रं. एकाच दिवशी एकाच वकिलाकडे टाईप केलेली असतात, मग क्रीडा मंडळाच्या संमतीपत्रात वाचनालयाचा एफ नंबर (धर्मादाय कार्यालयातला नोंदणी क्रमांक) तसाच राहतो. नावातही तसंच, एकीकडे आधारप्रमाणे पूर्ण नाव आणि दुसरीकडे "अण्णा" सकट, मग माणूस एकच आहे हे सिद्ध करत बसा. सही करण्याआधी एफ नंबर आणि नाव स्वतः वाचा, टायपिस्टवर सोडू नका.

हजेरीचं रजिस्टर तर नक्की बघा. जून महिन्यातला एक रविवार, संध्याकाळी पाच, एका गावात क्रीडा मंडळाची सभा आणि त्याच रविवारी पाचलाच तालुक्याच्या ठिकाणी वाचनालयाची, आणि दोन्ही रजिस्टरमध्ये तुमची सही. नंतर घरी आणून दिलेल्या रजिस्टरवर केलेली असते, सगळीकडे चालतं म्हणून. पण विरोधी गटाने हरकत घेतली की ती दोन पानं शेजारी ठेवली जातात आणि दोन्ही सभा संशयात येतात, तुमच्या एकट्याचं पद नाही, अख्खी निवड. हरकत आली की अर्जाची पुराव्यासकट चौकशी होते आणि तारखा सुरू होतात. ज्या सभेला गेला नाहीत तिथे कृपया सही करू नका.

नोटिशीची पोच हा दुसरा खड्डा. घटनेत लेखी नोटीस म्हटलं असेल तर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मेसेज पुरत नाही, पोच वहीवर सह्या किंवा पोस्टाच्या पावत्या लागतात. बाकी अजेंडा, ठरावाची खरी प्रत, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा हे नेहमीचं.

एक पद सोडून दुसरीकडे जात असाल तर राजीनामा तोंडी नको. लेखी द्या, पोच घ्या, तो मंजूर झाल्याचा ठराव मागून घ्या आणि त्या संस्थेने तुमचं नाव कमी करायचा बदल अर्ज दिला की नाही याचा पाठपुरावा करा, कारण तो मंजूर होईपर्यंत रेकॉर्डवर नाव तुमचंच राहतं आणि हिशोबाबद्दलची नोटीस पण तुमच्याच नावाने येते.

आणि दोन्हीकडे खजिनदार असाल तर एका मंडळाचे पैसे दुसऱ्याला "तात्पुरते" देऊ नका. संस्थेचा शिल्लक निधी कुठे ठेवायचा हे कलम ३५ ने ठरवलंय, भावकीतल्या मंडळाला उसने देणं त्यात बसत नाही. दोन संस्थांमध्ये करार असेल तर एका बाजूने दुसऱ्या पदाधिकाऱ्याला सही करू द्या आणि त्या ठरावावर तुम्ही मत देऊ नका, तसं इतिवृत्तात लिहून ठेवा.

अर्ज नामंजूर झाला तर कलम ७० खाली अपील आहे, मुदत आदेशापासून ६० दिवस. आदेश झाला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका, "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणता म्हणता महिना निघून जातो.